साक्षीनं मोडलेला डाव

"हलव की लेका सोंगटी! का झोप लागली?" हास्टेन खेकसला.

"झोप कसली रे, तुझा राजा कुठून पळतोय ते बघतोय," स्काप्टी म्हणाला.

मागापाशी उभी असलेली योरुन हातातलं सूत तसंच धरून बघत राहिली. सासरा हास्टेन पेला घ्यायला वळला, आणि तेवढ्यात त्याच्या जुन्या सोबत्याचा, स्काप्टीचा, हात पटावर गेला. काहीतरी उचललं, मुठीत लपवलं. सासरा आंधळा. पटाला भोकं, सोंगट्यांना खुंट्या, म्हणून चाचपून खेळायचा. आंधळ्याला फसवताना लाज कशी वाटत नाही मेल्याला, असं तिच्या मनात आलं.

आता आमच्या खाडीत कुणालाही विचारा. हिवाळी सणाच्या मेजवानीत हास्टेन दारूच्या भरात शपथ घेऊन बसला होता : उन्हाळ्याआधी जो मला पटावर हरवील, त्याला माझा किनारा दिला! समुद्र वाहून आणतो तेवढंच आमचं लाकूड. इथं झाड म्हणावं असं काही उगवत नाही. किनारा गेला तर छपराला वासा कुठून आणायचा? योरुनचा नवरा समुद्रापलीकडे, घर तिच्या एकटीच्या जिवावर. तिला धास्ती वाटली, यात नवल नाही. पण बाई मुळातच संशयी. स्काप्टीनं प्रेमानं मासा आणला तरी आधी हुंगून बघायची.

"मामंजी, हे रोज का येतात हो? एवढ्या बर्फातून?"

"हरायला येतो!" हास्टेन हसला. "एकदाही जिंकला नाही बिचारा."

"तेच म्हणते मी! आधी तुम्हाला गाफील करतील, मग बरोबर डाव साधतील."

"तू आपलं कापड विण बघू."

पटावरचा खेळ तिला कधी कळलाच नव्हता, आणि शिकण्याइतका धीरही नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या ऑडुनला आणि त्याच्या भावाला बोलावून चुलीपाशी बसवलं. खेळ रंगला, हास्टेन पेल्याकडे वळला, आणि योरुननं झडप घालून स्काप्टीची मूठ धरली.

"ऑडुनभाऊजी, तुम्ही दोघं साक्षीदार! हा माणूस माझ्या सासऱ्याला पटावर फसवतोय."

झालं! आमच्याकडे साक्षीदार नेमून बोललेला शब्द परत गिळता येत नाही. त्याचा सोक्षमोक्ष लागावाच लागतो, न्यायसभेत नाहीतर कुऱ्हाडीनं. ऑडुननं मूठ उघडायला लावली, पट नीट पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई, ही तर यांची स्वतःचीच सोंगटी! तुझ्या सासऱ्याच्या राजाची वाट अडवत होती, ती काढून टाकली. हे मुद्दाम हरतायत."

स्काप्टीनं मान खाली घातली.

"ठाऊक आहे मला," हास्टेन हळूच म्हणाला. "डोळे गेले, बोटं शाबूत आहेत." मग भिंत धरून उठला. "पण आता साक्षीदारांसमोर बोललं गेलंय. या घरात भीक म्हणून मिळालेला डाव खेळत नाहीत. ऊठ, स्काप्टी. जा."

स्काप्टी सोंगटी पटावर ठेवून गेला. किनारा वाचला खरा, पण योरुनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बरेच दिवस गेले, शेवटी न राहवून ती स्वतःच स्काप्टीकडे गेली.

"चुकलं माझं, काका. हवं तर साक्षीदारांसमोर तसं म्हणते. पण चला. मामंजी दिवसभर पट मांडून बसतात, धड जेवतसुद्धा नाहीत."

"कसा येऊ, पोरी? जिंकलो तर लोक म्हणणार, किनाऱ्यासाठी आला. हरलो तर म्हणणार, आंधळ्यावर दया केली. आम्हाला खेळायला जागाच कुठे ठेवलीस तू?"

तो रागावलाही नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

घरी आली तेव्हा हास्टेन पटासमोरच होता.

"काय म्हणाला?"

"बर्फ फार आहे म्हणाले. वाट मोकळी झाली की येतो म्हणाले."

छपरावरून वितळत्या बर्फाचं पाणी टपटपत होतं. दारापुढची वाट केव्हाच उघडी पडली होती. म्हातारा कान देऊन ते टपटपणं ऐकत राहिला.

"असेल," तो म्हणाला. "यंदा बर्फ फारच आहे."