तीन हातांवरची विहीर

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या सालात नांदगावच्या खुशालरावांना शेजारच्या नत्थुजीच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, अचानक वाकडा दिसू लागला. धुऱ्यापासून तीन हातांवर नत्थुजीची विहीर, आणि दावणीला बैल एकच. खुशालरावांनी करार लिहून आणला. दरसाल पेरणीला नत्थुजीने त्यांची बैलजोडी न्यावी, बदल्यात धुरा विहिरीकडे सरकवावा. पहिल्या साली एक हात, दुसऱ्या साली अर्धा, तिसऱ्या साली हाताचा तिसरा हिस्सा, चौथ्या साली चौथा, असं कायम.

सोबत अमरावतीचे हरिहर मास्तर होते. पगडी मोठी, पगडीखाली फारसं काही नाही, असं नत्थुजीच्या बायकोचं, गोदाबाईचं, पाहताक्षणी मत झालं.

"तुकडा दरसाल लहान होतो," मास्तर म्हणाले. "एक, मग अर्धा. असं अर्धं अर्धं होत गेलं की अनंत वर्षं जोडा, दोन हात भरायचे नाहीत. गणिताची कसोटी आहे, बाई."

नत्थुजीने अंगठ्याला शाई लावली. "मास्तर सांगून राह्यले, अवं."

"थांबा," गोदाबाई म्हणाली. "मास्तर, अर्ध्याचा अर्धा म्हंजे पाव. इथं तं तिसऱ्या साली तिसरा हिस्सा हाय."

"लहानच होतो ना शेवटी!"

"लहान होते म्हून संपते, हे कोनं शिकवलं तुमाले?"

गोदाबाई कापूस वेचणाऱ्या बायांचे वाटे करत असे. लहान ढीग एकेकटा पाहिला की माणूस फसतं. चार मिळून मोठ्यासमोर मांडले की खरं कळतं, हे तिला ठाऊक होतं.

"तिसरा अन् चौथा जोडा. दोन चौथे म्हंजे अर्धा, अन् तिसरा तं चौथ्याहून मोठा. झाला अर्ध्याच्या वर. पाचव्यापासून आठव्यालोक चार तुकडे, एकही आठव्या हिश्श्याहून कमी नाई. पुन्हा अर्धा. मंग सोळाव्यालोक आठ तुकडे, पुन्हा अर्धा. पयल्या दोन सालाचे दीड धरा. तीन हात! सोळा सालाच्या आत विहीर गेली. अन् थांबनार कुठंच नाई."

मास्तर बोटं मोजू लागले आणि आठावर अडकले.

"बाईमानसाचं गनित!" खुशालराव हसले.

"बरं, मास्तराचंच लिवा. एक, अर्धा, पाव, अर्धपाव, कायम अर्धं अर्धं. हे आत्ता अंगठा देतात."

"तेवढ्याशा पट्टीत माह्यं काय होते?" खुशालराव भडकले.

नत्थुजीला गणित कळलं नव्हतं, पण हे कळलं. त्याने कागद परत सरकवला. "घेऊन जा, राव. आमची पेरनी एका बैलावर होईन. अन् मास्तराले गाडीत हात देऊन बसवा, पायरी मोजता मोजता पडतीन."