चार शुक्रवार खाल्लेला पास

मित्रांनो, मी एक जुना पास आहे. जुना म्हणजे फार नाही, एक वर्ष आणि दोन दिवसांचा. पण आमच्या कुळात कुणी हळूहळू म्हातारं होत नाही. मुदत संपली की त्याच दिवशी सगळं संपतं. माझी मुदत परवा संपली. आता मला फाटकावरच्या यंत्राला कितीही वेळा टेकवा, हिरवा दिवा लागायचा नाही.

दुसऱ्या वस्तू आपली गोष्ट कशा छाती फुगवून सांगतात! मला तसं जमणार नाही. मी लोकांना हसवलं, खेळवलं हे खरं. पण मी एका म्हातारीचे चार शुक्रवार खाल्ले आणि एका नऊ वर्षांच्या मुलीला खोटं लिहायला लावलं. ते आठवलं की मला अजूनही लाज वाटते. तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हालाच सांगतो. मोठ्यांसमोर सांगायचं माझं धाडस नाही.

माझा जन्म बिडकीनच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या पाण्याच्या उद्यानात झाला. तिथं उंच उंच घसरगुंड्या आहेत, लाटा येणारं तळं आहे आणि डोक्यावर बादलीभर पाणी ओतणारं एक लोखंडी झाड आहे. मे महिन्यातला पहिला शुक्रवार होता. वाळूजच्या एका कारखान्यात काम करणारे राजेंद्र, त्यांची बायको रूपाली आणि मुलगी संस्कृती अशी तिघं दिवसभर भिजून, लाल डोळ्यांनी फाटकाकडे निघाली होती. तेवढ्यात काउंटरवरच्या ताईंनी त्यांना हाक मारली.

"दादा, वर्षाचा पास घ्या ना. आजचं तिकीट त्यात वळतं करून देते. सोमवार ते शुक्रवार, वर्षभर कितीही वेळा या."

राजेंद्र थांबले. त्यांच्या कंपनीची सुट्टी शुक्रवारी असते. सोमवार ते शुक्रवार म्हणजे पास आपल्यासाठीच काढलाय, असं त्यांना वाटलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"आजची खेप धरून तीन खेपांत वसूल होतंय बघ. चौथीपासून सगळं फुकट!"

रूपालीताई ओले कपडे पिशवीत कोंबत होत्या. त्यांनी मान वर केली. "पण शुक्रवारी तर आपण पिशोरला जातो ना, आत्याबाईंकडं?"

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, मनकर्णाबाई. त्या पिशोरला एकट्याच राहतात. महिन्यातून दोन शुक्रवार नवराबायको मोटरसायकलवर तिकडे जायची आणि दुपारी जेवून, संस्कृतीची शाळा सुटायच्या आत परत यायची; शाळेला सुट्टी असली की तीही बरोबर असायची.

"आईकडं काय, कधीबी जाता येतंय," राजेंद्र म्हणाले. "तिथं काय तिकीट लागतंय का?"

त्या बोलण्यावर ताई हसल्या, संस्कृतीही हसली. पास घ्यायचा की नाही याचा फैसला तिथंच झाला. मे महिना होता, त्यामुळे शुक्रवारी शाळा असते हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ताईंनी संस्कृतीचा फोटो काढला. ओल्या वेण्या, अर्धवट मिटलेले डोळे आणि कानापर्यंत गेलेलं हसू. तो फोटो माझ्या अंगावर छापला गेला, मला निळी फीत लागली आणि मी तिच्या गळ्यात पडलो. तिच्या आईवडिलांच्या पाकिटात माझी दोन भावंडं गेली.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते, हेही सांगायला हवं. मे महिन्यात आम्ही आणखी तीन वेळा गेलो. फाटकावर संस्कृती मला यंत्राला टेकवायची, टिंग असा आवाज व्हायचा आणि हिरवा दिवा लागायचा. बाजूला तिकिटासाठी लोक रांगेत उभे असायचे. आम्ही त्यांच्यासमोरून ऐटीत आत जायचो. माझ्या अंगात तेव्हा जरा शिष्टपणा शिरला होता. शाळा सुरू झाल्यावरही संस्कृतीनं मला दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं. मधल्या सुट्टीत मैत्रिणी मला पाहायला यायच्या, एकेकीला मला हातात धरायला मिळायचं आणि मी चकाकायचो.

त्याच सुमारास पिशोरला डोळ्यांचं शिबिर झालं. मनकर्णाआज्जीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यात तर चांगलाच वाढला होता. डॉक्टरांनी त्यांना शहरातल्या दवाखान्यात दाखवून ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितलं. आज्जीचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडलो होतो.

"राजू, येत्या शुक्रवारी येतो का रं न्यायला? मला एस्टीची पाटी नाय दिसत आता."

"येतो आई. शुक्रवारी नक्की."

त्या आठवड्यात उद्यानात नवी घसरगुंडी सुरू झाली. राजेंद्रांच्या मोबाइलवर तसा निरोप आला. त्यांनी मला उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "पास घेतलाय आपण. पडून राहिला तर काय उपयोग? आईला पुढच्या शुक्रवारी नेऊ."

मित्रांनो, मे महिन्यातच माझी किंमत वसूल झाली होती. पण एकदा फुकटाची गोडी लागली की माणसाला तेवढ्यावर थांबवत नाही. न गेलेला प्रत्येक शुक्रवार त्यांना खिशातून पडल्यासारखा वाटायला लागला. राजेंद्र मनानं वाईट नव्हते. मीच त्यांच्या डोक्यात बसलो होतो.

आता प्रश्न शाळेचा होता. रजेची चिठ्ठी द्यायला हवी होती. "तुझं अक्षर चांगलंय, तू लिही, मी सही करतो," असं म्हणून राजेंद्रांनी मुलीला मजकूर सांगितला. संस्कृती लिहीत गेली. 'आजीला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचे असल्यामुळे मी शुक्रवारी शाळेत येऊ शकणार नाही.'

लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "पप्पा, पण आपण आज्जीला नेणार नाही ना?"

"नेणारच आहोत की. पुढच्या शुक्रवारी."

ती चिठ्ठी घडी करून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात गेली. मीही तिथंच होतो. शाळेत पोचेपर्यंत आम्ही दोघं अंगाला अंग लावून बसलो होतो. एकाच कप्प्यात खरं कारण आणि खोटं कारण शेजारी शेजारी होतं.

असे चार शुक्रवार गेले. चार चिठ्ठ्या झाल्या आणि चारही वेळा आज्जीचा डोळा कामाला आला. तिसऱ्या शुक्रवारी संस्कृती म्हणाली, "मम्मी, आज नको ना जायला. मॅडम शुक्रवारी गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवतात." रूपालीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. राजेंद्र म्हणाले, "अगं, लोक तिकीट काढून येतात, अन् तुला फुकट असून नको?" ती आली. पण घसरगुंडीच्या वर जाऊन ती जिन्यानं परत खाली उतरली आणि पोट दुखतंय म्हणून बाकावर बसून राहिली. मी तिच्या गळ्यात ओला लोंबत होतो. हसरा फोटो वरच्या बाजूला होता.

चौथ्या शुक्रवारनंतरच्या गुरुवारी मनकर्णाआज्जी मुलाची वाट पाहणं सोडून एकट्याच निघाल्या. पाटी दिसत नव्हती, म्हणून बसस्थानकावर प्रत्येक गाडीपाशी जाऊन विचारत त्या वाळूजला पोचल्या. घराला कुलूप होतं, कारण रूपालीताई शिवणाच्या कामाचे कपडे पोचवायला गेल्या होत्या. मग आज्जी विचारत विचारत शाळेपाशी आल्या. शाळा नुकतीच सुटली होती. संस्कृतीच्या वर्गशिक्षिका मोनिका मॅडम फाटकाशी उभ्या होत्या.

"आज्जी!" संस्कृती पळत आली आणि दोन पावलांवर थबकली. तिला चिठ्ठ्या आठवल्या होत्या.

मॅडमनी हसून नमस्कार केला. "तुम्हीच का संस्कृतीच्या आजी? कसा आहे आता डोळा? चार शुक्रवार दवाखाना चाललाय म्हणे तुमचा. एवढ्या वेळा आईला घेऊन जाणारा मुलगा म्हणजे नशीबच हो."

मी दप्तराच्या कप्प्यात होतो. संस्कृतीचे हात पट्ट्यावर आवळले गेले, ते मला आतून जाणवलं. आज्जीनं अंदाजानं नातीच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना ते धड दिसत तरी होतं की नाही, कुणास ठाऊक. पण त्यांना समजायचं ते समजलं.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या. "लई गुणाचं हाय माझं लेकरू. आता बरं दिसतंय मला."

एवढं बोलून त्या वळल्या आणि फाटकाची पायरी न दिसून धडपडल्या. मॅडमनी त्यांना पटकन सावरलं. संस्कृती तिथंच रडायला लागली. मॅडम काय ते समजल्या असाव्यात. आज्जीनं माझ्यासाठी खोटं बोलावं, याहून मोठी शिक्षा मला कुणी देऊ शकलं नसतं. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

संध्याकाळी राजेंद्र कामावरून आले. दाराशी आईच्या चपला पाहून दचकले. खुंटीवर दुसऱ्या दिवसाची पिशवी तयार लटकत होती, त्यात टॉवेल आणि पोहायचे कपडे होते. आज्जी पाटावर बसून चहा पीत होत्या. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "राजू, माझा डोळा चार बारी दाखवून झालाय म्हनं. डाक्तर काय म्हनला रं?"

राजेंद्र दारातच उभे राहिले. रूपालीताईंनी तोंड फिरवलं. शेवटी संस्कृतीच बोलली.

"आज्जी, चिठ्ठ्या मी लिहिल्या."

"तू लिहिल्या बाई, पन तुला सांगितल्या कुनी?" आज्जी म्हणाल्या. मग मुलाकडे तोंड करून म्हणाल्या, "तू मला नाय नेलं, त्याचं काय नाय. मी आनखी थांबले असते. पन माझ्या नावानं पोरीला लबाडी शिकवली, ते लई लागलं मला."

राजेंद्र आईच्या पायाशी बसले. मग उठून त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, टॉवेल बाहेर काढले आणि त्यात शिबिरातला कागद, आज्जीचं आधार कार्ड आणि पाण्याची बाटली ठेवली. मला त्यांनी उचललं आणि कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात टाकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अंधारात तरी कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. संस्कृती शाळेत गेली. बरोबर तिनं पाचवी चिठ्ठी नेली होती. त्यात आधीच्या चारही चिठ्ठ्या खोट्या होत्या असं लिहिलं होतं आणि खाली राजेंद्रांनी सही केली होती. सही करण्याआधी त्यांनी ती दोनदा वाचली म्हणे. मी पाहिलं नाही, मी खणात होतो. त्याच सकाळी ते आज्जीला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, पण वेळ गेलेली नाही. दोन आठवड्यांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आज्जी महिनाभर वाळूजलाच राहिल्या.

मी खणातच संपलो असतो. पण एके दिवशी संस्कृतीनं खण उघडला. डॉक्टरांनी नव्या डोळ्याला रोज किती दिसतं ते पाहायला सांगितलं होतं आणि त्यासाठी डावा डोळा झाकायला तिला काहीतरी हवं होतं. हात सारखा हलायचा, बोटांतून दिसायचं. मी मात्र बरोबर मापाचा होतो. आज्जी मला डाव्या डोळ्यासमोर धरायच्या आणि समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचायच्या. पहिल्या दिवशी मोठे आकडे, आठवड्यानं तिथी, पंधरवड्यानं खालची बारीक सणांची नावं. रोज संध्याकाळी आमचा तिघांचा हा खेळ चालायचा. टिंग आवाज नव्हता की हिरवा दिवा नव्हता, पण आज्जीनं एक ओळ पुरी वाचली की संस्कृती टाळ्या वाजवायची.

पुढे आज्जीला चष्मा मिळाला. चौथीपर्यंत शिकलेल्या आज्जी दिसेल ते वाचत सुटल्या, तेलाचा डबा, साबणाचं वेष्टन, सगळं. एकदा त्यांनी मला जवळ घेतलं. आधी नातीचा फोटो पाहिला, अंगठ्यानं पुसला, पुन्हा पाहिला. मग मला उलटं केलं. माझ्या पाठीवरची ती बारीक अक्षरं आजवर कुणी धड वाचली नव्हती. आज्जी बोट ठेवून वाचायला लागल्या.

"पहिला महिना सोडून... शनिवार... रविवार... व शाळेच्या... सुट्टीच्या दिवशी... जादा आकार पडेल." त्या थांबल्या. राजेंद्र जवळच जेवत होते. "का रं राजू, ह्यो पास काय शाळा नसणाऱ्या पोरांसाठी काढत्यात व्हय?"

राजेंद्रांनी ताट बाजूला सारलं आणि मला हातात घेऊन तो मजकूर स्वतः वाचला. मी तर कधीपासूनच मान खाली घालून होतो. जे मी पाठीवर मिरवत होतो, ते मला स्वतःलाही वाचता आलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही उद्यानात एकदाच गेलो, दिवाळीच्या सुट्टीत. सुट्टीचा जादा आकार भरला आणि आज्जीचं वेगळं तिकीट काढलं. त्या दिवशी संस्कृती सगळ्यांत उंच घसरगुंडीवरून खाली आली आणि काठावर उभ्या आज्जीनं तिला वरपासून खालपर्यंत येताना पाहिलं. वर्षभरात मला मान वर करून पाहता आलं, ते तेवढंच.

मित्रांनो, कुणी तुम्हाला वर्षाचा पास देऊ केला तर घ्यायला हरकत नाही. घसरगुंडी खरंच छान असते. फक्त तो घेण्याआधी घरात एवढं विचारा, की ज्या दिवशी आपण जाणार आहोत, त्या दिवशी आपली वाट कोण पाहतंय. मला कुणी तसं विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही.

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला फेकू नका. मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण एक मागणं आहे. पुढच्या महिन्यात आज्जीच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तारीख शुक्रवारची आहे आणि कॅलेंडरवर तिच्याभोवती राजेंद्रांनी स्वतः लाल गोल काढलाय. मी त्याच कॅलेंडरच्या खिळ्याला निळ्या फितीनं लटकलोय. या वेळी उजवा डोळा झाकायचा आहे. तेवढं काम होईपर्यंत मला इथं राहू द्या, मग खुशाल फेका.