माझ्या गच्चीवरनं मंजीचं फायबर

गल्लीतल्या बायका आताशा मला बघितलं की बोलता बोलता गप्प हुत्यात. हू देत! माझी गच्ची, माझं घर, माझे माग. कुनाच्या बाचं काय खाल्लंय मी? ती मालुबाई तर नळावर माझ्याकडं असं बघती, जसं मी कुनाचा गळाच दाबलाय. वायर हुती गं बाई, वायर! कापडं वाळत घालायच्या दोरीएवढी बी जाड न्हाय.

मंजुश्री माझी धाकटी जाऊ. आमी मंजी म्हनताव. माझा दीर नागेंद्र छातीत कळ येऊन गेला, तवापासनं ती मागच्या दोन खोल्यांत एकटीच ऱ्हाती. पुढचं घर, मागांची शेड, वरची गच्ची थोरल्याच्या वाटनीला, म्हंजे माझ्या नवऱ्याच्या, तम्मण्णाच्या. आमी साड्या विनताव, आनि मंजी आमच्या कांड्या भरती. आता साडीत आडवा धागा घालायचा तर तो आधी कांडीवर गुंडाळाय लागतोय. कांडी संपली आनि दुसरी तयार नसली की माग उभा. आमच्या वडगावातल्या पोरी सगळ्या उद्यमबागला कारखान्यात न्हायतर मॉलात जायला लागल्या. कांडी भरायला आता कुत्रं बी मिळत न्हाय. आनि मंजीचा हात म्हंजे, खोटं कशाला बोलू, लई साफ. धागा तुटला तर बोलता बोलता गाठ मारंल, आनि मागनं बोटानं चाचपून बघितलंसा तरी गाठ घावायची न्हाय.

तर ही बया एक दिवस हासत हासत आली. "आक्का, मला पुन्याच्या कंपनीत काम लागतंय. घरात बसूनच. लोकांचे फोन घ्यायचे, मराठीत, कन्नडात, हिंदीत. तिन्ही येतंय म्हनून त्यांनी मला निवडलंय बघा."

"घरात बसून? बरं की," म्हटलं मी.

"फकस्त घरात वायरचा नेट पायजे. मोबाईलचा चालत न्हाय म्हनत्यात. सोमवारी अकरा वाजता त्यांची परीक्षा हाय. त्या येळी नेट बंद पडला तर दुसऱ्याला घेनार." मग मान खाली घालून म्हनाली, "वायर रस्त्यावरच्या खांबावरनं येनार. तुमच्या गच्चीवरनंच आनाय लागती, आक्का. दुसरी वाटच न्हाय."

अस्सं! म्हंजे काम हिचं, पगार हिचा, आनि गच्ची माझी. आनि कांड्या? कांड्या कोन भरनार, हिचा मेलेला नवरा? ह्यो सवाल तिच्या डोक्यात सुद्धा आला न्हाई. आला असता तर बोलली असती. माझ्या डोक्यात मात्र त्याच क्षनाला आला. सनासुदीच्या साड्या मागावर, आनि ही निघाली कानाला मशीन लावून फोन घ्यायला.

न्हाई म्हननार हुते. तोंडावर आलतं. पन दारात मालुबाई हुबी, कान टवकारून. न्हाई म्हटलं असतं तर सांजच्याला साऱ्या वडगावात बोभाटा. म्हनून मी मंजीच्या तोंडावरनं हात फिरवला. "अगं, विचारतीस काय? घे की वायर. घरचीच गच्ची हाय."

पाया पडली माझ्या. भर दारात! मालुबाईच्या डोळ्यांत पानी. माझ्या न्हाई आलं.

शनिवारी वायरवाला आला, सिद्धेश म्हनून. शेजारच्या शहापूरचाच पोरगा, गुडघ्यावर फाटलेली पँट घालून. खांबावर चढला, काळी वायर आमच्या गच्चीवर वढली, पान्याच्या टाकीमागनं नेऊन मागच्या खोलीत खाली सोडली. मंजी आत नेटचा डबा कुठं बसवायचा ते बघत हुती, मी गच्चीवर. मला म्हनाला, "काकू, ह्यावर वजन ठेवू नका, दुमडू नका. फायबर हाय ह्ये. तारा नुसत्या आधाराला, मधी काच हाय. केसासारखी. त्यातनं उजेड जातोय, त्यो उजेड म्हंजेच नेट."

"आनि तुटली तर? आमी धागा सांधताव तशी गाठ मारायची?" मी आपलं थट्टेनं इचारलं.

हासला. "गाठीनं काय बी हुईत न्हाय. काच काचंला मशीननं चिकटवाय लागती. गाठ मारली तर उलटं आनि चार ठिकानी मोडंल. मलाच फोन करा."

ह्ये तो मला म्हनाला. मंजीला न्हाई. मंजी आत हिरवा दिवा लागला म्हनून टाळ्या वाजवत हुती. मी तिला सांगितलं न्हाई. का सांगू? मी काय कंपनीची मानूस हाय?

सोमवार उजाडला. मंजी कांड्या भरायला आली न्हाई. "आज परीक्षा हाय आक्का, उद्या बघू," एवढं खिडकीतनं सांगितलं. उद्या बघू! जसं मी तिच्या दारात भीक मागायला गेलते. इकडं एका मागाची कांडी संपली, माग उभा. दुसऱ्याची संपली, दुसरा उभा. शेडमधी कधी न्हवं ती शांतता, आनि त्या शांततेत तम्मण्णाचं तोंड सुटलेलं. "गच्ची देताना अक्कल कुठं गेलती? दिलीस न्हवं वायर? आता तूच बस कांडीवर!" माझ्यावर! मानसांसमोर! बसले. पन माझे गुडघे असले, मांडी घालून बसायला येत न्हाय, धागा चार बोटाला तुटतोय, गाठ बसंना. कामाला असलेला रवळू गालात हासला. त्याचं ते हासू बघितलं आनि माझं डोकं फिरलं बघा.

उठले, सरळ गच्चीवर गेले. सुताची कैची आमच्या कमरेला असतीच, दोऱ्यानं बांधलेली, दिवसभर हाताशी. टाकीमागं बसले. एकदाच चालवली. कट्ट! इतकं सोपं असतंय व्हय? मनात म्हटलं, आता घे फोन.

खाली येऊन हात बी धुतले न्हाईत, तेवढ्यात मंजीचा आवाज. "आक्का! आक्का, लाल दिवा लागलाय!" पळत आली, केस सुटलेले, परीक्षेसाठी म्हनून नेसलेली निळी साडी घोट्याच्या वर खोचलेली. मोबाईलवरनं सिद्धेशला फोन लावला. तो खानापूरला एका ऑफिसात काम करत हुता. म्हनाला, सांजपतुर येतो. "सांजपतुर? अरे दादा, अकरा वाजता माझं नशीब हाय रं!" असं वरडली ती. तोवर फोन कट.

मग गच्चीवर पळाली. मी बी गेले मागनं. का गेले? बघायला गेले. एवढं कळंना व्हय तुमाला?

टाकीमागं तिला तुटकी टोकं घावली. "उंदरानं खाल्ली का काय," म्हनाली, माझ्याकडं न बघता. मग तिनं वायरीची काळी साल दातानं सोलली. आत दोन बारीक पोलादी तारा, आनि मधी ती काच. खरंच केसासारखी. मंजीनं ती बोटाच्या चिमटीत धरली, आनि तिची बोटं आपसुक वळली बघा, जशी रोज मागावर वळत्यात. धागा तुटला की सांधायचा, जन्मभर ह्येच केलंय आमी सगळ्यांनी. डोळं बारीक करून, जीभ दातात धरून, तिनं गाठ घातली.

मला माहीत हुतं. सिद्धेशनं मलाच सांगितलं हुतं. आनि मी तिथं उकिडवी बसून वायरीचं दुसरं टोक धरलं. "घट्ट मार गं," म्हटलं. "सैल राहिली तर निसटंल."

तिनं घट्ट वढली. काच मोडून तिच्या बोटात शिरली. रगात आलं. तिनं बोट तोंडात घातलं, थुकली, परत दुसरं टोक सोललं, परत गाठ. परत मोडली. तिसऱ्यांदा तिनं त्या पोलादी ताराच पिळून बांधल्या, वरनं साडीच्या काठाची चिंधी गुंडाळली. "झालं आक्का! झालं बघा! जावा खाली, हिरवा लागला का सांगा!"

मी खाली गेले. डब्यावर लालभडक दिवा. मी वर तोंड करून वरडले, "थांब गं, येतोय वाटतं!"

ती थांबली. वरनं दर घडीला विचारायची, "आला?" मी म्हनायची, "येतोय, येतोय. वायर हलवू नगंस." उन्हात हुबी, दोनी हातांनी चिंधी दाबून धरलेली. अकरा वाजून गेले, तवा तीच खाली आली, दिवा बघितला, आनि डब्यासमोर मटकन बसली. रडली न्हाई. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी कंपनीचा मेसेज आला. दुसऱ्याला घेतलं म्हनून. तिनं मला वाचून दाखवला, शब्दाला शब्द. मी म्हटलं, "हात लावायला नको हुतास गं तू. जरा धीर धरला असतास तर त्यानं येऊन जोडली असती. तुझ्या हातानंच घालवलंस बघ." ह्यातलं खोटं काय हुतं? गाठ तिनंच मारली हुती.

सांजच्याला सिद्धेश आला. चिंधी सोडली आनि फिदीफिदी हासाय लागला. "काच कुनी बांधली ही? साड्या विनताय काय नेटवर?" मंजीनं मान खाली घातली. मग त्यानं खांबाकडच्या पोलादी तारांची टोकं हातात घेतली, उजेडात धरली, आनि हासायचा थांबला. "ह्ये उंदराचं काम न्हाय ताई. उंदीर कुरतडतोय, चावल्यागत दिसतंय. ह्यी कुनीतरी कापलीय. एका झटक्यात."

मंजीनं हळूच मान वर केली. आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या कमरेकडं. तिथं कैची लोंबत हुती. मी पदर पुढं वढला न्हाई. का वढू?

म्हटलं, आता ही बोंबलंल, मालुबाईला बोलवंल, गल्ली गोळा करंल. माझं उत्तर तयार हुतं. चार शिव्या सुद्धा तयार हुत्या.

सिद्धेश म्हनाला, "दहा मिनिटांत जोडून देतो ताई, मशीन आनलंय."

"नको," मंजी म्हनाली. "काढून न्या डबा."

तो गेला. गल्लीत त्यानंच सांगितलं असनार, मंजीनं न्हाई. ती माझ्या मागनं शेडमधी आली. कांडी मशीनीपुढं पाय मोडून बसली, चिंधी बांधलेलं बोट वर धरून. चक्री फिरवायच्या आधी माझ्याकडं न बघता म्हनाली, "आक्का, एकदा सांगितलं असतंसा तर काम सुटल्यावर रोज रात्री बसून भरून दिल्या असत्या की कांड्या. मी तुमाला कधी न्हाई म्हटलंय?"

असं आवाज न चढवता म्हनाली, बघा. शिवी दिली असती तर परवडलं असतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला उपकार दाखवती व्हय, माझ्याच शेडमधी बसून! मी सुताची आख्खी पेटी उचलली आनि तिच्या पुढ्यात आपटली.

"मग बस आता," म्हटलं. "दोन माग सकाळपास्नं उभे हाईत."