निळ्या पेनाची पारख

कमळाबाईच्या मनोजने नांदगावला घर बांधलं आणि वास्तुशांत केली, ते साल २००१. जेवणाच्या पंगती उठल्यावर तो सगळ्यांसमोर आईला म्हणाला, "आता नाशिक पुरं झालं. इथंच राहायचं." कमळाबाई म्हणाली, "माझा हात चालतोय तवर नाय." आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही दोघी परत आलो.

कमळाबाई माझी मोठी जाऊ. आमचे नवरे, सख्खे भाऊ, दोन वर्षांच्या अंतराने गेले. मला मूलबाळ नाही. मखमलाबाद नाक्याजवळच्या एका खोलीत आम्ही दोघी अकरा वर्षं राहिलो आणि तृप्तीताईंच्या गोधड्या शिवल्या. ताई जुन्या साड्या आणून द्यायच्या, आम्ही थर लावून दोरा घालायचो, आणि त्या गोधड्या परदेशी विकायला जायच्या. गोधडी अंथरली की कमळाबाई एका कोपऱ्यात बसायची, मी तिच्या समोरच्या. कडेकडेने फेरे घालत आत सरकायचं आणि मध्ये भेटायचं. गुडघ्याला गुडघा लागला की ती म्हणायची, "आलीस का? वाटंत निजली व्हतीस?"

वास्तुशांतीच्या वर्षीच तिच्या डोळ्यांत पडदा आला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण फार फरक पडला नाही. दोन बोटांच्या अंतराने चालणाऱ्या तिच्या ओळी वाकड्या जायला लागल्या. ती भाजी आणायला गेली की मी तिच्या ओळी उसवायचे आणि पुन्हा घालायचे. तिला ते कळत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

ताईंच्या नजरेस ते पडलंच. त्यांनी मला बाजूला घेतलं. "साळूमावशी, कमळामावशींचं काम आता थांबवू या का?"

मी म्हटलं, "आखून दिलं तर घालतील त्या सरळ."

खडूने आखून पाहिलं, पण खडूची ओळ तिला दिसेना. काम बंद झालं की मनोज तिला घेऊन जाणार, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

मग ताईंनी मुंबईहून तीन पेनं आणली. एक जांभळं, एक पांढरं, एक निळं. "याची खूण नंतर निघून जाते म्हणतात," त्या म्हणाल्या. "खरंच जाते का ते बघा. तुम्हाला लिहिता येतं, म्हणून तुम्हालाच सांगते. वहीत सगळं लिहून ठेवा. चांगलं निघालं तर माझ्याकडे शिवणाऱ्या सोळाही बायकांना देईन."

मला लिहिता येतं ते साक्षरतेच्या वर्गामुळे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी अक्षरं शिकले. कमळाबाई वर्गाला एकच दिवस आली. "अ अननसाचा. अननस खाल्लाय का कधी तू?" असं मला विचारून ती उठून गेली, ती पुन्हा आली नाही.

मी सुती लुगड्याचे वीतभर तुकडे कापले आणि प्रत्येकावर तिन्ही पेनांनी ओळी काढल्या. पांढरं गडद कापडावरच उठायचं, आणि तेही कमळाबाईला दिसत नव्हतं. जांभळं तिला दिसलं. ती लगेच सुई घेऊन बसली आणि सरळ ओळ घालत गेली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर पुढची ओळ आपोआप उडालेली. तिची सुई कोऱ्या कापडावर थांबली होती. "माझे डोळे गेले का रेघ गेली?" तिने विचारलं. मी म्हटलं, "रेघ गेली, बाई." ती हसली.

निळं मात्र टिकलं. चार दिवस झाले तरी ओळ होती तशी होती. कमळाबाईने त्यावर दोन हात लांब दोरा घातला, आणि मला एक टाकाही उसवावा लागला नाही. नंतर ओला फडका फिरवला तर ओळ साफ गेली. मी वहीत लिहिलं, 'निळे. दिसते. थंड पाण्याने जाते.' मला इतका आनंद झाला की उरलेल्या तुकड्यावर मी त्याच पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, कमळाबाई.

"काय लिहिलंस?"

"तुमचं नाव."

तिने तुकडा डोळ्यांजवळ नेला. "एवढं लांब हाय व्हय?" म्हणाली आणि बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिली.

त्या दिवशी आमच्या अंथरुणाची गोधडी धुवायची होती. गोधडी आम्ही कायम सोड्याच्या कढत पाण्यात बुडवतो. आमच्या सासूनेही तसंच केलं आणि तिच्या सासूनेही. मी नळावर पाण्याला गेले होते. परत येते तर कमळाबाईने गोधडीबरोबर तो नावाचा तुकडाही घमेल्यात टाकला होता. म्हणाली, "धुऊन टाकते, तेवढंच तुझं काम हलकं."

तुकडा बाहेर काढला. निळं नाव तपकिरी झालं होतं. थंड पाण्यात खळबळलं, साबण लावला, दगडावर चोळलं. जाईना.

"गेलं का गं?" तिने विचारलं.

"नाय गेलं."

मी हात पुसले आणि वही उघडली.

"आता काय लिहितेस?"

"गरम पाण्यात डाग पक्का होतो."

"ताईंनी गरम पाण्याचं कुठं सांगितलं व्हतं? ते तर मी टाकलं."

"एखादी रेघ पुसायची राहतेच. घेणारे लोक मशीनमध्ये धुतात, बाई. गरम पाणी घेतात. ताईच म्हणाल्या होत्या. सोळा बायकांच्या गोधड्या माघारी आल्या तर?"

"येतील तवा येतील."

मी पेन्सिल धरून बसले. आयुष्यभर मी अंगठा दिला होता. कागदावर काय आहे याची जबाबदारी कधी माझ्यावर आली नव्हती. ती एक ओळ गाळली असती तर कोणाला कळलं नसतं. मी लिहिलं. शब्द लिहायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

कमळाबाई गोधडी पिळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्षरं शिकलीस ती मला घालवायला."

एरवी एवढी मोठी गोधडी आम्ही दोघी दोन टोकांनी धरून पिळायचो. त्या दिवशी तिने एकटीने पिळली आणि एकटीने दोरीवर टाकली.

ताईंनी वही वाचली. म्हणाल्या, "मावशी, मोठं नुकसान वाचवलंत." ती पेनं परत गेली. पुढच्या दोन महिन्यांत कमळाबाईच्या तीन गोधड्या नापास झाल्या. संक्रांतीनंतर मनोज आला. तिचं सामान एका ट्रंकेत मावलं. जाताना माझ्या हातात तिने तिचं अंगुस्तान दिलं, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं, आणि म्हणाली, "तुला सैल होईल. चिंधी गुंडाळ."

मी पत्रं लिहिली. आठ-नऊ तरी लिहिली असतील. तिला वाचता येत नव्हतं आणि सूनबाई वाचून दाखवायची की नाही, मला ठाऊक नाही. उत्तर आलं नाही. एकदा मनमाडला गाडी बदलून नांदगावला गेले, तेव्हा ती ओट्यावर बसून होती. मला आवाजावरून ओळखलं. "किती फेरे झाले?" एवढंच विचारलं. त्या पेनाचा विषय ना तिने काढला ना मी.

गोधड्या मी अजून शिवते. एका कोपऱ्यातून निघते, चारी कडा फिरते, मध्ये पोचायला महिना लागतो.

नावाचा तुकडा माझ्याकडे आहे. पुष्कळदा धुतला. थोडा फिकट झालाय, पण अक्षरं लागतात.

कमळाबाई २००५ सालच्या मार्गशीर्षात, गुरुवारी सकाळी, नांदगावला मनोजच्या घरी वारली. मला निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला.