होल्डवरचं गाणं

गायिकेची बाकीची गाणी लोकांनी डोक्यावर घेतली, हे एकच तोंडावर आपटलं. ज्या मोजक्या चाहत्यांनी ते ऐकलं त्यांनी अर्थही लावून टाकला: ‘वाजत होता फोन, मी उचलला नाही’ म्हणजे कुठल्यातरी प्रियकराला दिलेला डच्चू. मुलाखतीत कुणी विचारलं की ती नुसती हसायची. प्रियकर कसला न् काय. आई शेवटच्या घटका मोजत होती, धाकटी बहीण इस्पितळातून फोनवर फोन करत होती, आणि या बाईसाहेब फोन पर्समध्ये वाजता ठेवून स्टेजवर गेल्या होत्या.

त्यानंतर धाकटीनं तिचं नाव टाकलं. आवाज ओळखला की फोन ठेवायची, दारात गेलं तर दार उघडायची नाही. म्हणून माफी गाण्यात घातली, तर मावशीकडून कळलं की हिचं काहीही लागलं की धाकटी रेडिओच बंद करते.

मग वॉशिंग मशीनच्या एका कंपनीला, ग्राहकांना होल्डवर ऐकवायला गाणं हवं होतं. धाकटी त्याच कंपनीच्या तक्रार विभागात फोन घ्यायची. कंपनीनं गाजलेलं गाणं मागितलं, हिनं हट्टानं हेच गळ्यात मारलं. मॅनेजरनं कपाळावर हात मारला. हिचं म्हणणं साधं होतं: दिवसभर हेडफोन लावून बसणारी बाई हे गाणं टाळून टाळणार किती? वर्ष गेलं, धाकटीचा फोन काही आला नाही.

शेवटी हिनंच तक्रारीचा नंबर लावला. रोज लावायची, भलतंच कुणी बोललं की ठेवून द्यायची. एका दुपारी तो ओळखीचा, थोडा नाकातला आवाज आला.

“नमस्कार, काय तक्रार आहे?”

हिनं आवाज बदलला. “मशीन गळतंय. आणि ते होल्डवरचं गाणं...”

“त्याची तक्रार बरेच जण करतात.”

“तक्रार नाही हो. तुम्हाला कसं वाटतं ते?”

“आम्हाला कुठे ऐकू येतं, मॅडम? ते फक्त समोरच्याला. आमच्या कानात शांतता. तेवढ्यात आम्ही दोन घोट पाणी पिऊन घेतो.”

आयुष्यभर माइकपुढे उभी राहिलेली बाई. आपण गातो ते सगळ्यांना ऐकू जातं, असंच ती धरून चालली होती.

“धाकटे, मी टिटवी.” हे नाव लहानपणी धाकटीनंच ठेवलेलं. “ते गाणं तुझ्या त्या फोनचं आहे गं. आईच्या वेळच्या. एकदा ऐक, मग हवं तर ठेव.”

पलीकडून तोच कामाचा, गोड आवाज आला. “कृपया लाइनवर राहा, मॅडम.”

गाणं सुरू झालं. संपलं, पुन्हा पहिल्यापासून लागलं. पलीकडून आता कुणी येणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. तरी तिनं फोन कानाला धरून ठेवला. आईच्या खोलीबाहेर धाकटीनंही तो असाच धरून ठेवला असेल.