कार्ड भरलंय

माझ्या बायकोचा आवाज तुम्ही पुसलात, फौजदारसाहेब. चोरानं नाही, विजेनं नाही, कॅमेऱ्याच्या कंपनीनं नाही. तुमच्या अंगठ्यानं पुसला, माझ्या दारात, माझ्याच खुर्चीवर बसून. आणि वर मलाच म्हणालात, "आता चालू झाला बघा."

मी आण्णाप्पा, बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचा जन्म लेथवर गेला. लिहायला कुणी शिकवलं नाही, त्यामुळं वळसे घालून लिहिता येत नाही.

कॅमेरे बसवा, असं गावात सभा घेऊन तुम्हीच सांगितलंत. आमच्या गल्लीत एकट्या माझ्या दारावर बसला. तोही पोरानं बसवला. साईराज पुण्यात नोकरीला आहे. फोनवर दार दिसेल, आई-आप्पा दिसतील म्हणून चौकटीवर टांगून गेला.

जयाबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याचा वेगळाच अर्थ घेतला. तिला वाटलं, पोरगं पलीकडं सारखं बसूनच आहे. रोज सकाळी सडा-रांगोळी झाली की कमरेवर हात ठेवून ती वर बघायची आणि सुरू व्हायची.

"साईराज, खाल्लास का रं काय? भावकूच्या म्हशीला रेडी झाली बघ, लई गोड हाय. आणि आप्पाला सांग, गुडघं दाखवून या म्हणून. माझं ऐकत न्हाईत."

मी हसायचो. "अगं येडे, त्यो ऑफिसात असंल. त्याला हितलं काय ऐकू येतंय व्हय?"

"असू दे की. सवडीनं ऐकंल."

तो ऐकत नव्हता. पण कॅमेरा ऐकत होता. त्याच्या पोटात नखाएवढं कार्ड असतं, त्यात आवाजासकट सगळं साठत होतं. आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता.

माघात ती गेली. दुखणं नाही, दवाखाना नाही. दुपारी जरा आडवी झाली ती उठलीच नाही. तेरावं झालं, पाहुणे पांगले, साईराजही गेला. मग राऊटर जळाला. नवा बसवला, तर कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत राहिला. साईराजला फोन लावला.

"आप्पा, मीटिंगमध्ये हाय. मग सांगतो."

त्याचं ते ‘मग’ काही आलं नाही. मग मीच बसलो. घरात दुसरं होतं कोण? कॅमेऱ्याचं अॅप जयाच्या फोनात, म्हणून तिचाच फोन घेतला. राऊटरमधून वायफायची दोन नावं निघतात. एकाच्या शेवटी पाच असतं. ते जोरकस म्हणून मी तेच धरलं, कॅमेरा घेईना. त्याला दुसरं लागतं, हळू चालणारं पण भिंतीतून लांब पोचणारं. आमची भिंत हातभर जाड. ते दिलं तरी दिवा लालच, कारण कॅमेरा अजून जुन्या राऊटरचंच नाव हुडकत होता. शेवटी नव्या राऊटरला मी जुनं नाव दिलं, पासवर्डही जुनाच दिला. कॅमेऱ्याला वाटलं, घर आहे तसंच आहे. दिवा निळा झाला. मला कुणी असं फसवलं असतं तर बरं झालं असतं.

चालतंय का बघायला म्हणून अॅपमध्ये एका तारखेवर बोट ठेवलं. जया. कमरेवर हात. "साईराज, खाल्लास का रं काय?"

त्या दिवसापासून चहाचा कप घेऊन रोज तिच्यासोबत बसायचो. थोड्याच दिवसांत ध्यानात आलं, जुन्या तारखा खालून गळायला लागल्यात. कार्ड भरलं की कॅमेरा जुनं पुसून त्यावर नवं भरतो. गल्लीतनं कुत्रं गेलं की जयाची एक सकाळ कमी. मी सेटिंगमध्ये शिरलो, ती सोय शोधली आणि बंद केली. मग अॅप रोज ओरडायला लागलं, कार्ड भरलंय. ओरडू दे. समोरचं दिसायचं, साठत काही नव्हतं. मला ते माहीत होतं, लपवत नाही.

कार्डात आईचा आवाज आहे, असं साईराजला सांगितलं. तो म्हणाला, "पाठवा की, आप्पा."

"पाठवणार न्हाय. वर्षश्राद्धाला ये. दारात बसून ऐक."

पाठवलं असतं तर तो तिकडंच ऐकून मोकळा झाला असता. मला तो इथं पाहिजे होता.

मग शेजारच्या भावकूची मोटरसायकल चोरीला गेली, माझ्या कॅमेऱ्याखालून. तुम्ही आलात. गल्ली गोळा झाली. तुम्ही खुर्चीवर बसलात, मी फोन उघडून दिला. तुम्ही तारखा सरकवत गेलात.

"अहो, हे काय? चोर कुठं हाय? सगळी रांगोळीच हाय की!"

लोक हसले. भावकू हसला नाही. "आण्णाप्पा, तुझ्या कॅमेऱ्याच्या भरवशावर गाडी लावत होतो रं मी!"

तुम्ही शिपायाला कन्नडमधून म्हणालात, म्हाताऱ्याला यातलं काही कळत नाही. मला कन्नड येतं, साहेब. तुमच्या-माझ्यात भांडण भाषेचं नाहीच.

दारात आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय आमच्या घरातनं सोडत नाहीत. मी दारात बसायचं, जयानं आत जायचं, अशी सगळ्या संसाराची सवय. त्या सवयीनं मी आत हाक मारली, "जया, चहा टाक गं."

हाक गेल्यावर आठवलं. कुणाकडं बघायची लाज वाटली, म्हणून उठलो आणि मीच आत गेलो. फोन तुमच्या हातात तसाच उघडा राहिला.

कप घेऊन आलो तर तुम्ही उभे. "कार्ड भरलं होतं. फॉरमॅट करून दिलं. आता चालू झाला बघा."

चहासुद्धा घेतला नाहीत.

ते कार्ड घेऊन बेळगावातल्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, पुसल्यावर कॅमेरा चालूच राहिला, वर नवं भरलंय, आता काही निघायचं नाही. तुमच्याकडं आलो तर तुम्ही हसलात. "दुसरी रांगोळी काढा की, रेकॉर्ड होईल." आता कार्डातलं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग कुठलं, सांगू? मी दोन कप घेऊन दारात येतोय आणि तुम्ही पाठ फिरवून निघालाय.

भावकू बोलत नाही. त्याचा राग मी घेतो, त्याची गाडी माझ्या हट्टापायी हाताला लागली नाही. पण जयाच्या सकाळी पुसून त्याची गाडी सापडली का?

काल साईराजचा फोन आला. "आप्पा, रजा मिळाली. वर्षश्राद्धाला येतोय, चार दिवस ऱ्हातो. आईचं सगळं ऐकायचं हाय मला. तुमच्याकडनं चुकून पुसलं न्हाय न्हवं?"

"न्हाय," म्हणालो. "मी पुसलं न्हाय."

खोटं बोललो नाही. पण तो दारात येऊन बसला की पुढं काय बोलू? म्हणून त्या दिवशी तुम्ही यायचं, साहेब. खुर्ची तीच आहे. चहा मी आधीच करून ठेवतो, आत जाणार नाही. माझ्या पोराकडं बघा, वर कॅमेऱ्याकडं बघा, आणि तोंडानं सांगा.

कुणाला विचारून दाबलंत?