निंबाखालचा अर्धा तास

बडनेऱ्याला किशोरचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिथे येणारं गिऱ्हाईक रोगही स्वतःच सांगतं, औषधही स्वतःच ठरवतं, आणि वर किशोरलाच शहाणपण शिकवतं. खुशालराव त्यातले नव्हते. एप्रिलमधल्या त्या सकाळी त्यांनी आपली फुलांची जुनी व्हॅन दारात लावली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "एसी अजून बंद पडून राहिला रे बापू. अकोल्याहून येतानी, मूर्तिजापूरजवळ. रोज."

पुढच्या डाव्या सीटवर त्यांची बायको केशरबाई डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या छातीत गाठ होती. अकोल्याला वीस दिवस किरणांचे शेक घ्यायचे होते. शेकाने दुखणं कमी होईल, पण माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी खुशालरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यानंतर त्या भल्या माणसाने एकच ध्यास घेतला होता. बायकोला ऊन लागू द्यायचं नाही.

आठवड्यापूर्वी एसी खरोखरच बिघडला होता. फ्यूजची पकड सैल झाली होती. किशोरने ती घट्ट केली, आणि बडबड्या स्वभावाप्रमाणे केशरबाईंना दाखवलंही होतं, "काकू, सारी थंडी ह्या लाल तुकड्यावर आहे. हा निंघाला का एसी ठप्प."

आज त्याने टेस्ट लॅम्प घेऊन सगळं पुन्हा तपासलं. रिले ठीक, कंप्रेसरची वायर ठीक, अर्थिंग ठीक. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, तर आत माघाची थंडी. शेवटी त्याने केशरबाईंच्या गुडघ्यापाशी असलेलं फ्यूजचं झाकण उघडलं. किशोरला एक खोड होती. फ्यूजवरचा आकडा सरळ वाचता येईल असाच तो फ्यूज बसवायचा. लाल फ्यूजवरचा दहाचा आकडा उलटा होता.

खुशालराव पाणी भरून आणायला गेले होते. किशोरने हळूच विचारलं, "काकू, हा तुमी काढता?"

केशरबाई म्हणाल्या, "त्यायले सांगू नको बावा."

"पन कावून?"

"चाळीस वर्सं ह्या मानसासंगं मार्केटले जाऊन राहिली. फुलं सुकतात म्हनून हे रस्त्यात कुठीच थांबले नाही. चहाले नाही, माह्या मायच्या गावालेबी नाही. मी कधी थांबा म्हनलं नाही. आता एसी बंद पडला का गाडी निंबाखाली लावतात. खांद्यावरचा दुपट्टा ओला करून माह्या डोक्यावर ठेवतात. टरबूजातल्या बिया काढून देतात. अर्धा तास बसतात माह्याजवळ." त्या थोडं हसल्या. "मंग मी फ्यूज लावून देतो."

किशोरने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. आयुष्यभर मोगरा खुडलेली ती बोटं, त्यांना फ्यूज उपटायला चिमट्याची गरज नव्हती.

खुशालराव परतले तेव्हा किशोर धडधडीत खोटं बोलला. पार्ट नागपूरहून यायचा आहे, वेळ लागेल. तोवर बंद पडला की हात लावायचा नाही, सावलीत अर्धा तास गाडी थंड होऊ द्यायची.

आठ दिवसांनी खुशालराव पुन्हा आले. व्हॅन मागेच उभी होती आणि ते खुशीत होते.

"तुह्या हाताले यश आहे बापू! पार्ट नाही टाकला तरी तीन दिवस झाले, एसी एकदाबी बंद नाही. सरळ घरी!"

किशोरने हातातला पाना खाली ठेवला. "काकू कुठी बसतात आता?"

"बसवत नाही तिले. मांगच्या सीटवर झोपून राह्यते."

मागच्या सीटवरून फ्यूजपर्यंत हात पोचणार नव्हता. काकूंचा शब्द मोडावा की पाळावा, हे ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही. त्याने खुशालरावांना डाव्या बाजूला नेलं, झाकण उघडलं आणि केशरबाई झोपल्या आहेत हे पाहून सगळं सांगून टाकलं.

खुशालरावांनी त्या लाल फ्यूजवर बोट ठेवलं.

"आन् मी अर्धा तास तिले शेवंतीचा भाव सांगत बसत होतो," ते म्हणाले. चेहरा दुपट्ट्याने पुसून त्यांनी मागे वळून पाहिलं. "मले काढाले शिकव."

"काका, नुसती गाडी थांबवा ना. फ्यूज कायले पाहिजे?"

"मी माह्या मनानं थांबलो तं तुही काकू म्हनन, घरी चला, मळ्यातलं काम खोळंबते. बंद पडला तंच मले बसू देईन."

त्यांची बोटं जाड होती. तीनदा प्रयत्न करूनही फ्यूज निसटला. किशोरने त्यांना चिमटा दिला आणि तो खिशात कसा लपवायचा तेही सांगितलं.

शेक पाच उरले होते. त्यातले चार दिवस एसी बंद पडला. पाचव्या दिवशी गाडी अकोल्याला गेलीच नाही.